मदत हवी आहे : वृद्धांचे ऊर्जा दारिद्र्य कसे मोजावे?

विकसनशील देशांतील वार्धक्य, गरिबी आणि ऊर्जेची उपलब्धता यांच्या संबंधाचा अभ्यास करताना मी ऊर्जा दारिद्र्याच्या, म्हणजे मूलभूत गरजांपुरती वीज वा इंधन न मिळण्याच्या किंवा न परवडण्याच्या, मोजमापाच्या प्रश्नापाशी अडलो आहे. बहुआयामी ऊर्जा दारिद्र्य निर्देशांक स्वयंपाकाचे इंधन, वीज, घरगुती उपकरणे अशा बाबी तपासतो. परंतु त्याचे एकक कुटुंब असल्यामुळे, घरात वीजजोडणी असूनही बिलाच्या धास्तीने पंखा बंद ठेवणारी वृद्धा त्यात वंचित म्हणून दिसेलच असे नाही. उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून अधिक खर्च इंधनावर होतो का, हा ब्रिटनमधून आलेला जुना निकषही येथे फसतो, कारण जी माणसे गरजा मारून वापरच कमी करतात, त्यांचा खर्च कमीच दिसतो. वास्तविक वाढत्या वयात तापमान सोसण्याची शक्ती घटते, मंदावलेल्या दृष्टीला अधिक उजेड लागतो, दिवसाचा बराचसा वेळ घरातच जातो; म्हणजे गरज वाढते आणि नेमके तेव्हाच उत्पन्न आटते. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या ७व्या ध्येयात २०३०पर्यंत ‘सर्वांना’ परवडणारी ऊर्जा अपेक्षित आहे, आणि त्या ‘सर्वां’मध्ये ही माणसे मोजली जावीत, अशी माझी तळमळ आहे. कुटुंबाऐवजी व्यक्तीच्या पातळीवर, विशेषतः मारलेली गरज नोंदवणारी प्रश्नावली कोणी वापरली आहे का? वृद्धांना संकोच न वाटता हे प्रश्न कसे विचारावेत, याबद्दल अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.