गच्चीची किल्ली आणि चिऊचा दात

देशपांडे काका (ए-५०२): काल रात्री पावणेदहाला गच्चीवर कोण उड्या मारत होतं? खाली आमची बेडरूम आहे. मागच्या वेळीही हेच झालं, तेव्हा मी काही बोललो नव्हतो.

मंदार (सी-२०४): दोन पानी पत्र दिलं होतंत काका 😀

सेक्रेटरी: टाकी साफ करणारे १० ला येणार आहेत. गच्चीची किल्ली खिळ्यावर नाही. ज्यांनी नेली त्यांनी वॉचमनकडे द्यावी 🙏

निनाद (बी-३०१): सॉरी काका, मी आणि चिऊ होतो. तिचा पहिला दात पडला. छपरावर टाकायचा होता. आपल्याकडे कौलं कुठली, म्हणून लिफ्टच्या खोलीवर टाकला. उड्या तीनच मारल्या.

जोशी काकू (ए-१०३): अगोबाई, पडला का! उंदीरमामाला सांगितलं ना, नवा दे म्हणून?

निनाद: दोनदा सांगितलं काकू. पहिला नेम चुकला. मोबाईलच्या उजेडात दात शोधण्यात वीस मिनिटं गेली.

मंदार: टाकीत तर नाही ना गेला? सकाळपासून चहा वेगळा लागतोय.

सेक्रेटरी: टाकी साफ करणारे १० ला येणार आहेत. किल्ली खिळ्यावर नाही 🙏

देशपांडे काका: हसण्यावारी नेऊ नका. आधी लॉबीत खडू, मग पार्किंगमध्ये सायकल, काल दात. पोरीने बुटाची नाडी बांधली तरी ग्रुपवर फोटो.

निनाद: नाडीच्या दिवशी शिरा केला होता काका. तुमच्याकडेही दिला होता.

देशपांडे काका: साखर कमी होती.

चव्हाण वहिनी (बी-३०२): लॉबीत खडू चालतो, आमच्या दोन कुंड्या तेवढ्या चालत नाहीत. असो.

निनाद: वहिनी, खडू मी स्वतः पुसला होता. आणि काका, मी सव्वासातला घर सोडतो, परत येतो तेव्हा ती पेंगत असते. वाढदिवस वर्षाला एक. म्हणून मिळेल ते साजरं करतो. परवा 'र' सुलटा आला, भजी केली. व्हॅनवाल्या काकांना स्वतःहून 'थांबा, डबा राहिला' म्हणाली, त्या दिवशी कुल्फी. बायको म्हणते, पोरीपेक्षा तुझंच पोट सुटतंय.

जोशी काकू: करा हो. आमच्या ह्यांना लेक कितवीत आहे ते निकालाच्या दिवशी कळायचं.

डॉक्टर (सी-१०१): निनाद, दुधाचे दात वीस, अजून एकोणीस वेळा गच्ची आहे. एक लक्षात ठेव, सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून लोक ती दुधाची समजतात आणि किडू देतात. ती कायमची असते. ब्रश मागेपर्यंत ने.

मंदार: डॉक्टर, माझी अक्कलदाढ दाखवायला संध्याकाळी घरी येऊ?

डॉक्टर: क्लिनिकमध्ये ये. मागचेही बाकी आहेत.

सेक्रेटरी: ९:५० झाले. माणसं खाली उभी आहेत. किल्ली नेताना रजिस्टरमध्ये सही करायची असते, हा नियम कितव्यांदा सांगायचा?

निनाद: सही आहे साहेब. तिनेच केलीय, शेवटचं पान बघा.

सेक्रेटरी: त्या पानावर उंदराचं चित्र आहे.

निनाद: खाली 'चिऊ' लिहिलंय.

देशपांडे काका: पण किल्ली कुठे आहे?

निनाद: आत्ता बायकोचा फोन आला. बाईंना दाखवायची म्हणून चिऊ दप्तरात घेऊन गेलीय. व्हॅन पावणेएकला येते.