मेनमधील 2020 ची सिनेट निवडणूक : पैशांपलीकडचा भाग
विद्यमान सिनेटरला, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या सदस्याला, पाडायचे तर पुरेसा पैसा आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराची लाट एवढे पुरते, असे म्हटले जाते; त्या मताला अमेरिकेतील मेन राज्यातील 2020 च्या निवडणुकीचा अपवाद जोडावासा वाटतो. रिपब्लिकन सुझन कॉलिन्स यांच्याविरुद्ध डेमोक्रॅटिक सारा गिडियन यांनी सात कोटी डॉलरहून अधिक निधी जमवला, बहुतेक सर्व जाहीर मतचाचण्यांत त्या पुढे होत्या, आणि राष्ट्राध्यक्षपदाचे डेमोक्रॅटिक उमेदवार बायडेन यांनी हे राज्य सुमारे नऊ टक्क्यांच्या आघाडीने जिंकले. तरीही कॉलिन्स जवळपास तितक्याच फरकाने निवडून आल्या. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि सिनेटर दुसऱ्या पक्षाचा निवडणारे मेन हे एकमेव राज्य ठरले. तेथे पसंतीक्रमाने मतदान होते, म्हणजे पहिल्या फेरीत कोणालाच पन्नास टक्क्यांहून अधिक मते न मिळाल्यास मागे पडलेल्यांची मते पुढच्या पसंतीच्या उमेदवारांकडे जातात; त्यामुळे अपक्ष उमेदवारांच्या मतदारांची दुसऱ्या पसंतीची मते गिडियन यांना तारतील असा हिशेब मांडला जात होता, पण कॉलिन्स यांनी पहिल्याच फेरीत पन्नास टक्के ओलांडल्याने तो कागदावरच राहिला.

सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून कॅव्हनॉ यांच्या नियुक्तीला 2018 मध्ये पाठिंबा देऊन कॉलिन्स यांनी ओढवून घेतलेला रोष खराच होता. मात्र कॅरिबूसारख्या उत्तरेकडील गावातून आलेल्या, 1997 पासून सिनेटमध्ये असलेल्या आणि राज्यातल्याच बाथ येथील युद्धनौका कारखान्यासाठी संरक्षण खात्याची कामे सातत्याने मिळवत आलेल्या उमेदवाराला राज्याबाहेरच्या पैशांवरच्या जाहिराती हलवू शकल्या नाहीत. माझ्या मते त्या जाहिरातींचा अतिरेकच उलटला. गिडियन यांच्याकडे तर निवडणूक संपल्यावरही कोट्यवधी डॉलर शिल्लक होते!