मदत हवी आहे: वेगवेगळ्या देशांतल्या आजी-आजोबांच्या आठवणी लिहून घेताना

मंडळी, आम्ही काही जण मिळून निरनिराळ्या देशांतल्या सत्तरीपुढच्या लोकांकडून त्यांच्या आयुष्याच्या आठवणी लिहून घेतोय, दर आठवड्याला व्हिडिओ कॉल असतो, प्रत्येकजण आपापल्या भाषेत लिहितो आणि मग कोणीतरी भाषांतर करून वाचून दाखवतं. इटलीत पिएवे सांतो स्तेफानोला १९८४ पासून साध्या माणसांच्या डायऱ्या आणि आठवणी जपून ठेवतात ना, तसं छोट्या प्रमाणात काहीतरी व्हावं अशी फार इच्छा आहे.

अडचण अशी की "तुमच्या लग्नाबद्दल लिहा" म्हटलं की दोन ओळी येतात, तारीख आणि गावाचं नाव, संपलं. पण एका आजींना सहज विचारलं, घरातून निघालात तेव्हा आईच्या हातात काय होतं? चार पानं आली हो, पेन्सिलीने लिहिलेली, शेवटच्या पानावर अक्षर पार हललेलं. तर असे प्रश्न अजून कुठले विचारता येतील? साधारण १० ते ३० वयातलं जास्त आठवतं म्हणतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. एक आजोबा युद्धातल्या भावापाशी आले की दरवेळी थांबतात, कॅमेरा बंद करतात. अशा वेळी विषय बदलावा की नुसतं गप्प बसून राहावं? आणि सालं चुकली तर दुरुस्त करायची का? मला वाटतं त्यांचं तसंच ठेवावं, खाली टीप द्यावी. कोणी असं काम केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.