धातूचा गाळ उपसायचा की तसाच पुरून ठेवायचा?

गाळपुराण:
कुठल्याही जुन्या बंदराच्या गाळाचा रिपोर्ट आला की ठरलेली बातमी येते, तळात शिसं सापडलं, कॅडमियम सापडलं, पारा सापडला, आणि पाठोपाठ मागणी की उपसून टाका सगळं. माझं मत उलटं आहे, बरेचदा त्याला हात न लावणंच बरं. नळी खुपसून गाळाचा उभा नमुना काढला तर वरचा थर, काही मिलिमीटर किंवा फार तर दोनेक सेंटीमीटर, तपकिरी असतो आणि त्याखाली काळाकुट्ट चिखल, सडक्या अंड्यांचा वास मारणारा. त्या काळ्या भागात ऑक्सिजन नसतो, बॅक्टेरिया सल्फेटपासून सल्फाइड बनवतात आणि शिसं, कॅडमियम, जस्त, तांबं त्या सल्फाइडशी बांधले जातात, पाण्यात फारसे येतच नाहीत. आता तोच काळा चिखल टेबलावर उघडा ठेवून बघा, वरून हळूहळू तपकिरी पडत जातो, म्हणजे सल्फाइडचं ऑक्सिडेशन सुरू झालं आणि धातू सुटायला मोकळे. ड्रेजर, म्हणजे गाळ उपसणारं यंत्र, खाली उतरला की हेच होणार, फक्त टनांच्या हिशोबात. कॅडमियम तर एकदा सुटलं की खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडशी जोडी जमवून पाण्यातच राहतं. पडलंय ते पडू द्या, वरून स्वच्छ वाळूचा थर द्या, विषय संपला.

पारा_उतरवा:
विषय संपला म्हणे! अहो ज्या बॅक्टेरियांचं कौतुक चाललंय तेच, ऑक्सिजन नसलेल्या त्याच चिखलात, पाऱ्याचं मिथाइलमर्क्युरी, म्हणजे त्याचं जास्त विषारी रूप, करतात. तो प्राण्यांच्या शरीरात साठतो आणि लहान माशातून मोठ्या माशात जाताना वाढत जातो. म्हणजे शिशाला कुलूप लागतंय तिथेच पाऱ्याचा कारखाना चालू. जपानमधलं मिनामाता विसरलात का, जिथे कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने खाडीतले मासे खाणाऱ्यांना विषबाधा झाली? १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली आणि चिस्सो कंपनीचं ते पाऱ्याचं सांडपाणी बंद व्हायला १९६८ उजाडलं. तरी खाडीतला गाळ होताच. जपानने १९७७ ते १९९० त्याच्यावर काम केलं, सुमारे १५ लाख घनमीटर गाळ, २५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत २५ भाग) वर पारा असलेला. पडू द्या म्हणून सोडून नाही दिला.

गाळपुराण:
मिनामाताचं उदाहरण नीट बघा की, ते माझ्याच बाजूचं आहे. तिथला मिथाइलमर्क्युरी मुळात कारखान्यातच तयार होऊन सांडपाण्यातून आला होता, गाळात शिजून नाही. आणि उपसलेला गाळ नेला कुठे? खाडीचा सगळ्यात खराब भाग बंदिस्त करून त्यातच टाकला, वर चांगली माती घातली, ५८ हेक्टर जमीन झाली. शेवटी पुरलाच ना! आणि तेही आधी नळ बंद करून.

काळा_कातळ:
तुमचं दोघांचं चालू द्या, पण मुळात रिपोर्टमधल्या आकड्यावर एवढा विश्वास का? निकेलचं घ्या. अमेरिकेत १९९५ साली आलेल्या आणि सर्रास वापरल्या जाणाऱ्या गाळाच्या निकषांत निकेलची वरची मर्यादा ५१.६ पीपीएम आहे, आणि जगभरच्या साध्या शेल खडकात, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकात, सरासरी निकेल ६८ च्या आसपास मानतात. म्हणजे कारखान्याचं तोंड न पाहिलेला चिखलही नापास! बेसाल्टचा प्रदेश असेल तर तांबं, क्रोमियमही वर जातं. परत बारीक चिखलात धातू जास्त धरले जातात आणि वाळूत कमी, त्यामुळे ६३ मायक्रॉनखालचा भाग वेगळा न काढता किंवा अॅल्युमिनियमशी गुणोत्तर न लावता दोन ठिकाणांची तुलना करणं म्हणजे निव्वळ टाइमपास.

पारा_उतरवा:
हे "नैसर्गिकच आहे" प्रकरण प्रदूषण करणाऱ्यांचं फेव्हरेट आहे हां. नैसर्गिक पातळी त्याच जागी खाली बघायची असते. नमुन्याच्या थरांचं वय शिसे-२१० या किरणोत्सारी शिशावरून मोजा, त्याचं अर्धायुष्य साधारण २२ वर्षांचं, त्यामुळे शंभरेक वर्षांपर्यंतचा हिशोब लागतो. खाली सपाट रेघ आणि कारखाने आल्यावर पारा एकदम वर चढला असेल तर खडकाने काय त्याच वर्षी ठरवलं होतं का?

काळा_कातळ:
पाऱ्याला मान्य. निकेलला तोच न्याय आपोआप लावू नका एवढंच म्हणणं.

गाळपुराण:
आणि त्याच थरांमध्ये बऱ्याच ठिकाणी शिशाचा आलेख वरच्या बाजूला परत खाली येताना दिसतो, शिसंयुक्त पेट्रोल बंद झाल्यापासून. कोणी उपसलं नाही काही. स्रोत थांबला, नवा गाळ बसला, जुना खाली गेला.

भरती_ओहोटी:
सगळे जण गाळ म्हणजे काँक्रीट असल्यासारखं बोलताय. त्यात जीव राहतात हो. काळ्या चिखलात अळीसारख्या किड्यांची बिळं असतात, नमुना उभा चिरला की प्रत्येक बिळाभोवती तपकिरी कडा दिसते, कारण किडा वरचं ऑक्सिजनवालं पाणी आत खेचत असतो. म्हणजे धागाकर्त्यांचं ते कुलूप जागोजागी उघडलेलं. वाळूचा थर द्यायचाच तर किडे जितके खोल जातात त्याच्यापेक्षा जाड पाहिजे. वरून नांगर, जहाजांचे पंखे, वादळं वेगळीच. आणि चालू बंदरात जहाजं अडकू नयेत म्हणून गाळ काढावाच लागतो, तिथे खरा प्रश्न एकच, टाकायचा कुठे. लंडन प्रोटोकॉल, म्हणजे समुद्रात कचरा टाकण्याबद्दलचा १९९६ चा आंतरराष्ट्रीय करार, उपसलेला गाळ समुद्रात टाकायला परवानगी देतो पण तपासणी आणि परवाना झाल्यावर. त्या तपासणीत नुसता एकूण धातू मोजला की प्राण्यांवर चाचणी केली यावर सगळं अडतं.

शिवाय स्रोत थांबला म्हणता, पण जहाजांच्या बुडाला जीव चिकटू नयेत म्हणून लावायच्या टीबीटीच्या (कथिलाचं एक विषारी संयुग) रंगांवर २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आल्यावर जहाजांच्या बुडाला आता बहुतेक तांब्याचेच रंग लागतात. ते पाझरण्यासाठीच असतात. तुमच्या स्वच्छ वाळूवर उद्यापासून परत तांबं बसणार.

गाळपुराण:
चालू बंदरात उपसाच की, तिथे नाही कोण म्हणतंय? मी वापरात नसलेल्या, लाटा कमी असलेल्या कोपऱ्यांबद्दल बोलतोय.

पारा_उतरवा:
मग पहिल्या पोस्टमध्ये "कुठल्याही जुन्या बंदराच्या" कशाला लिहिलंत? आणि पारा असेल तर कोपऱ्यातलाही उपसायचा की नाही ते अजून सांगितलं नाहीत.