पारडू गेलं, म्हैस पान्हा चोरते. इंजेक्शन द्यावं का?

दुसरंवेत:
मंडळी नमस्कार. दुसऱ्या वेताची मुऱ्हा आहे, व्याल्यावर आठवड्यातच पारडू गेलं आणि तेव्हापासून म्हैस पान्हावतच नाही. कास धुवा, चोळा, आंबोण पुढ्यात ठेवा, दूध तांब्याभर. शेजारचा म्हणतो पान्ह्याचं इंजेक्शन टोच, दोन मिनिटात धार लागते, त्याच्याकडे बिनलेबलची बाटली आहेच. पण २०१८ ला यावर बंदी आली होती ना? आणि दुधातून पोरांना काही होतं का, मुली लवकर वयात येतात वगैरे फॉरवर्ड फिरत असतात.

गोठ्यातला_डॉक्टर:
दुधाचं टेन्शन आधी सोडा. पान्ह्याच्या इंजेक्शनात असतं ते ऑक्सिटोसिन, हे प्रथिनासारखं हार्मोन आहे, पोटात गेलं की पचून जातं. सगळे दुधाचंच विचारतात, म्हशीचं कोणी विचारत नाही!
गाईच्या कासेत थोडं दूध खाली साठलेलं असतं, म्हशीच्या जवळजवळ नसतंच, सगळं वर पेशींमध्ये, त्यामुळे पान्हा सुटल्याशिवाय सडात काही येत नाही. पारडू ढुशा मारतं तेव्हा मेंदूतून हे हार्मोन सुटतं आणि काही मिनिटांतच त्याचा जोर ओसरतो. रोज दोन्ही वेळा बाहेरून टोचत राहिलात तर म्हैस इंजेक्शनशिवाय सोडेनाशी होते, मग ती सवय सोडवायलाही त्रास. वर त्या बिनलेबल बाटलीत किती ताकदीचं औषध आहे, कशात मिसळलंय देव जाणे, आणि एकच सुई दहा म्हशींना.

कायद्याचं_बोला:
बंदीचं अर्धवट फिरतंय. एप्रिल २०१८ ला केंद्राने अधिसूचना काढली, देशात विकायचं ऑक्सिटोसिन फक्त कर्नाटकातल्या एका सरकारी कंपनीने बनवायचं, खासगी कंपन्या बंद. डिसेंबर २०१८ ला दिल्ली हायकोर्टाने ती रद्द केली, कारण बाळंतपणात रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं, तुटवडा पडला तर बायकांचे जीव जातील. बरोबरच होतं ते.
पण दूध काढण्यासाठी टोचणं आधीपासूनच गुन्हा आहे, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम १२, फुक्याच्या (दुधासाठी जनावराच्या योनीत हवा फुंकणं) शेजारीच लिहिलंय, दूध वाढवायला जनावराच्या तब्येतीला अपायकारक असं काहीही टोचणं. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जनावर सरकारजमा. हजार रुपये!! १९६० साली ती रक्कम होती, आज तबेलेवाला हसत भरेल. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध विकताच येत नाही तरी खुलेआम मिळतं, म्हणजे कायदा आहे पण तपासायला कोणी नाही.

म्हसोबाचा_माळ:
मग सरसकट बंदच करा ना राव जनावरांसाठी, कटकट संपेल

गोठ्यातला_डॉक्टर:
नाही चालणार. व्यायला अडलेली म्हैस, मधेच कळा थांबल्या, पिल्लू सरळ आहे आणि वाट मोकळी आहे, तिथे डॉक्टरने तपासून दिलेलं हेच इंजेक्शन जीव वाचवतं. वाट मोकळी नसताना दिलं तर गर्भाशय फाटू शकतं, म्हणून तर चिठ्ठी लागते. बंदी घातली की मिळेनासं आम्हाला होणार, बिनलेबलवाल्याचं दुकान चालूच.
तबेल्यात पारडी का मरतात ते पण बघा. नर पारड्याला दूध पाजणं परवडत नाही म्हणून उपाशी ठेवतात, ते मेलं की इंजेक्शन. औषधावर कितीही नियम करा, त्या पारड्याचा हिशोब कुठेच नाही.

आक्काचा_गोठा:
दुसरंवेत, आमच्याकडे अशीच एक होती. दुसरीचं पारडू लावून बघा, हुंगून लाथ मारेल एखाद दिवस, पण काही म्हशी घेतात. नाही घेतलं तर धार काढणारा माणूस रोज तोच ठेवा, वेळ तीच, कोमट पाण्याच्या फडक्याने कास शेका आणि खुराक धार काढतानाच द्या, एरवी नाही. आणि ओरडू नका तिच्यावर, घाबरली की पान्हा वर ओढते. आमची पंधरवड्याने सोडायला लागली, पूर्वीइतकं नाही पण लिटर-दीड लिटर कमी एवढंच. कासेत गाठ लागते का तेवढं बघा आधी, दगडी (कासेची सूज) असेल तर वेगळाच विषय.

दुसरंवेत:
मागच्या डाव्या सडाला जरा घट्ट लागतंय खरं. उद्या डॉक्टर बोलावतो.