मदत हवी आहे: सी मधला स्ट्रक्ट रस्टमध्ये वाचताना आयडी भलताच येतोय

नमस्कार,

सी मधला एक प्रोग्रॅम रेकॉर्ड फाइलीत टाकतो, अख्खा स्ट्रक्ट (एकत्र ठेवलेल्या फील्डचा गट) थेट एफराइट करून, म्हणजे मेमरीतले बाइट जसेच्या तसे लिहून. त्याच फाइली आता रस्टमधून वाचायच्या आहेत. फील्ड क्रमाने अशी:

प्रकार – यूइंट८
आयडी – यूइंट३२
फ्लॅग – यूइंट१६
मूल्य – डबल
नाव – १० कॅरचा अ‍ॅरे

मशीन ६४-बिट एक्स८६, लिनक्स, जीसीसी. रस्टमध्ये हाच स्ट्रक्ट लिहिला तर त्याचा आकार ३२ येतो. बेरीज तर २५ होते, म्हणून पॅक्ड (फील्डमध्ये रिकामी जागा न सोडण्याची सूचना) लावलं. आता आकार २५ येतो, फाइल २०,००० बाइटची आहे, बरोबर ८०० रेकॉर्ड वाचले जातात आणि एकही एरर नाही. पण पहिल्या रेकॉर्डचा आयडी १२३४ हवा, तिथे ३५२३२१५३६० दिसतो. एंडियनची (आकड्यातल्या बाइटच्या क्रमाची) भानगड आहे का? बाइट उलटे केले तर २१० येतात, तेही चूकच.

प्रतिसाद १

एंडियन नाही, पॅडिंग (कंपायलरने मध्ये सोडलेले रिकामे बाइट) आहे. तुमचा आकडाच ते सांगतोय. ३५२३२१५३६० हेक्समध्ये लिहा: डी२००००००. आणि १२३४ म्हणजे ०४डी२, फाइलीत तो डी२ ०४ ०० ०० असा पडतो. तुमच्याकडे डी२ सगळ्यात वरच्या बाइटमध्ये आलाय आणि खाली तीन बाइट शून्य आहेत. म्हणजे आयडी तुम्ही ३ बाइट आधीपासून वाचताय.

सी कंपायलरने केलेली मांडणी अशी आहे: प्रकार ० वर, मग ३ बाइट रिकामे, आयडी ४ वर, फ्लॅग ८ वर, मग ६ बाइट रिकामे, मूल्य १६ वर, नाव २४ ते ३३. शेवटी आणखी ६ बाइट, कारण डबलमुळे अख्ख्या स्ट्रक्टचं अलाइनमेंट (पत्ता ज्या संख्येच्या पटीत हवा ती संख्या) ८ आहे आणि एकूण आकार ८ च्या पटीत हवा. झाले ४०. तुमच्या फाइलीत ५०० रेकॉर्ड आहेत. २०,००० ला २५ नेही नेमका भाग जातो, म्हणून चूक गुपचूप खपून गेली.

३२ चं कोडं वेगळं आहे. काहीही न सांगता लिहिलेल्या स्ट्रक्टमधल्या फील्डचा क्रम रस्ट आपल्या सोयीने बदलू शकतो. सी सारखी मांडणी हवी तर रेप्र सी लावा आणि पॅक्ड काढून टाका. आकार ४० येईल. तो गृहीत धरू नका, दोन्हीकडे कंपाइल होतानाच तपासा: सी मध्ये स्टॅटिक असर्ट आणि ऑफसेटऑफ (फील्ड सुरुवातीपासून किती बाइटवर आहे ते सांगतो), रस्टमध्ये कॉन्स्ट असर्ट आणि ऑफसेट ऑफ मॅक्रो (रस्ट १.७७ पासून स्टेबल). सी कडची भोकं डोळ्यांनी बघायची असतील तर डीबग माहितीसह कंपाइल करून पाहोल हे स्ट्रक्टची मांडणी दाखवणारं साधन चालवा.

प्रतिसाद २

वरचं निदान अचूक आहे. पण फाइलीसाठी मी रेप्र सी वरही थांबणार नाही. बाइटवर स्ट्रक्टचा पॉइंटर टाकून वाचणं हे एकाच प्रोसेसमध्ये सी लायब्ररीला हाक मारताना ठीक. फाइल मात्र उद्या दुसऱ्या मशीनवर जाते. ४० बाइटचा स्लाइस घ्या, ४ ते ७ बाइट यू३२ च्या फ्रॉम एलई बाइट्सला (लिटल एंडियन, म्हणजे खालचा बाइट आधी, अशा बाइटांतून आकडा बनवणारं फंक्शन) द्या, १६ ते २३ एफ६४ च्या. पाच फील्ड आहेत, पाच ओळींचं काम.

प्रकार हे फील्ड थेट रस्टच्या इनममध्ये (ठरावीक किमतींची यादी असलेला प्रकार) उतरवू नका. यादीत नसलेली किंमत फाइलीत निघाली तर ते अनडिफाइन्ड बिहेविअर आहे (प्रोग्रॅम पुढे काय करेल याची भाषा हमी देत नाही), नुसती चुकीची किंमत नाही. यू८ म्हणून वाचा, मॅच करा, अनोळखी किंमतीला एरर द्या. बूललाही हाच नियम: ० आणि १ सोडून काही चालत नाही.

नावाचंही बघा. सी कडे स्ट्रएनकॉपी (ठरावीक लांबीपर्यंत मजकूर कॉपी करणारं फंक्शन) वापरलं असेल तर पूर्ण १० बाइटच्या नावाला शेवटचा शून्य नसतो. पहिला शून्य शोधा, नसेल तर दहाही घ्या. देवनागरी नाव यूटीएफ-८ मध्ये असेल तर दर अक्षरचिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे १० बाइटमध्ये तीन बसतात आणि चौथ्याचा एकच बाइट उरतो. तिथे फ्रॉम यूटीएफ८ एरर देणार, तेव्हा अनरॅप (एरर असली की प्रोग्रॅम तिथेच थांबवतो) करू नका.

धागाकर्ता

ऑफसेटने वाचलं, पाचशेच्या पाचशे रेकॉर्ड जुळले. मनापासून आभार. पण एक जुनी फाइल १६,००० बाइटची आहे. तिच्यातून ४०० रेकॉर्ड निघतात. पहिल्याचे आयडी आणि फ्लॅग बरोबर, मूल्य चूक, दुसऱ्यापासून सगळंच चूक.

प्रतिसाद १

ती ३२-बिट लिनक्सवर लिहिली गेली असणार. एक्स८६ च्या ३२-बिट लिनक्सवर जीसीसी स्ट्रक्टमधल्या डबलला ४ वर अलाइन करतो. म्हणून मूल्य १२ वर, नाव २० ते २९, एकूण ३२. आयडी आणि फ्लॅग दोन्हीकडे एकाच जागी येतात, तेवढेच जुळले. रेकॉर्ड ५०० च आहेत.

फाइलीच्या आकारावरून दोन्ही प्रकार ओळखू नका: १६,००० ला ४० नेही भाग जातो आणि २०,००० ला ३२ नेही. आयडी ओळीने वाढत असतील तर ४, ३६, ६८ आणि ४, ४४, ८४ या जागा वाचून बघा. ४० च्या मांडणीत ३६ ते ३९ हे शेवटचं पॅडिंग आहे, तिथे आयडी सापडणारच नाही. पॅडिंगमध्ये शून्यच असेल असं मात्र धरून चालू नका. तुमच्या पहिल्या रेकॉर्डमध्ये आयडीआधीचे तीन बाइट शून्य निघाले, तशी हमी सी देत नाही. आधी मेमसेट करून सगळे बाइट शून्य केलेले नसतील तर तिथे मेमरीतला कचरा येतो.

प्रतिसाद २

लिहिणारा सी प्रोग्रॅम तुमच्या हातात असेल तर एफराइटची ती ओळ काढा आणि एकेक फील्ड लिटल एंडियनमध्ये, पॅडिंगशिवाय लिहा. तेव्हा २५ बाइट खरे ठरतील. फाइलीच्या सुरुवातीला ४ बाइटची ओळखखूण, आवृत्ती आणि रेकॉर्डचा आकार टाका. पुढे वेळेचं फील्ड जोडाल तेव्हा लाँग वापरू नका, तो ६४-बिट लिनक्सवर ८ बाइट आणि ६४-बिट विंडोजवर ४ बाइट असतो, इंट६४ घ्या.