सल्ला हवा: अमेरिकेतल्या जुन्या बुकबाइंडरांवर काय वाचावं, कुठे पाहावं?

हडसनकाठी
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत असतो. एका घराच्या सामानविक्रीत स्तोत्रांचं छोटंसं पुस्तक मिळालं, १७९० च्या दशकातलं, बॉस्टनला छापलेलं. साधं तपकिरी कातडं, पाठीवर नावही नाही. एका कोपऱ्यात कातडं उडालंय आणि आत पुठ्ठ्याऐवजी चक्क लाकूड दिसतंय! मूळचंच असेल की नंतरची डागडुजी? छापणाऱ्यांवर ढिगाने वाचायला मिळतं (फ्रँकलिन तर कुठेही भेटतो), बांधणाऱ्यांवर काही सापडेना. वाचन सुचवा. बॉस्टन-फिलाडेल्फिया पट्ट्यात पाहण्यासारखं काय आहे तेही सांगा. आणि कातडं सुकलंय, थोडं खोबरेल लावू का?

जुजबंदी
खोबरेल अजिबात नको! तेल मुरतं, कातडं काळं पडतं आणि डाग पानांपर्यंत जातो. चिकटपट्टीही नको. बिनआम्लाच्या कागदात गुंडाळून आडवं ठेवून द्या.

लाकूड बहुधा मूळचंच. पुठ्ठा महाग आणि जंगल दाराशी, म्हणून तिथले बाइंडर ओक, मेपल, बर्चची पातळ फळकुटं वापरत. त्याला स्केलबोर्ड म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे चाललं. ज्युलिया मिलर यांचा नेमका याच बांधण्यांच्या प्रकारांवर मोठा लेख आहे, 'स्वाव्ह मेकॅनिकल्स' या बांधणीच्या इतिहासावरच्या लेखमालेच्या पहिल्या खंडात. तुम्ही तिथूनच सुरुवात करा. मग जुन्या अमेरिकी बांधणीवरचे हॅना फ्रेंच यांचे सात निबंध (अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी, १९८६).

सोनेरी नक्षीवाल्या बांधण्यांची चित्रं बघत बसू नका, असं माझं मत. त्या श्रीमंतांच्या. धंदा कळतो तो जॉन रॅटक्लिफच्या अर्जातून. जॉन एलियट या मिशनऱ्याने मॅसॅच्युसेट या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत केलेलं बायबल १६६३ मध्ये (मॅसॅच्युसेट्समधल्या) केंब्रिजला छापून झालं, त्या बांधणीसाठी हा इंग्लंडहून आला. प्रत्येक प्रतीला अडीच शिलिंग मिळत. १६६४ मध्ये त्याने वरिष्ठांना लिहिलं की दिवसाला एकच बायबल पुरं होतं. दोरा, सरस, पुठ्ठा, कातडी पट्टे सगळं माझ्याच खिशातून. इंग्लंडात चार शिलिंगांना मिळायचं त्याला इथे अठरा मोजतो. ३ शिलिंग ४ पेन्सच्या खाली धड जगता येत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं दरपत्रकच म्हणा ना.

फिलीतला_काका
रॅटक्लिफला +१. पण फिलाडेल्फिया जवळ असताना रॉबर्ट एटकेनला वगळून कसं चालेल? हा स्कॉटलंडचा, बाइंडर आणि मुद्रकही. इंग्रजी बायबल छापण्याचा हक्क राजाच्या मुद्रकांकडे, त्यामुळे वसाहतींत ते बाहेरूनच यायचं. ब्रिटनविरुद्धच्या क्रांतियुद्धात आवक थांबली आणि १७८२ मध्ये याने अमेरिकेतलं पहिलं संपूर्ण इंग्रजी बायबल काढलं. अमेरिकी काँग्रेसने शिफारस दिली, पैसे नाही. लगेच शांतता झाली, बाहेरची स्वस्त बायबलं पुन्हा येऊ लागली, आणि हा बुडाला. १८०२ मध्ये तो गेल्यावर मुलगी जेन हिने कर्जासकट दुकान चालवलं. छपाईही केली, बांधणीही. चार्ल्स थॉमसनने भाषांतर केलेलं चार खंडांचं बायबल (१८०८) तिच्या छापखान्यातलं.

एटकेनची १७७१ पासूनची हिशेबवही फिलाडेल्फियाच्या 'लायब्ररी कंपनी' या ग्रंथालयात आहे. बांधणीचे अभ्यासक विल्मन स्पॉन यांनी ती वही आणि प्रत्यक्ष बांधण्या ताडून पाहिल्या. नक्षीवर कागद ठेवून पेन्सिल घासायची, ठसा घ्यायचा; पितळी साच्याचा एखादा टवका सारखाच उमटला की दुकान सापडलं. त्यांचा एटकेनवरचा लेख मिळवाच.

शाईचा_डाग
एफ्राटा कुणीच कसं सुचवलं नाही? पेनसिल्व्हेनियातला जर्मन धर्मबंधूंचा मठ. कागद, छपाई, बांधणी सगळं तिथेच. १७४८ चा 'मार्टर्स मिरर' (धर्मासाठी हुतात्मा झालेल्यांच्या कथा) हा वसाहतींतला सर्वांत जाडजूड ग्रंथ. १५ जण, तीन वर्षं, १,३०० प्रती. लाकडी फळ्या, त्यावर कातडं, पितळी अडकवण्या. न बांधलेले गठ्ठे पडून होते, ते क्रांतियुद्धात सैनिकांनी काडतुसांसाठी उचलून नेले.

हडसनकाठी
वा, शनिवार ठरला! खोबरेलाची बाटली परत स्वयंपाकघरात. एक राहिलं: पुस्तक पूर्ण उघडत नाही. दोरा घड्यांमधून न जाता कडेने आरपार टोचलाय.

जुजबंदी
म्हणजे जुजबंदी (घड्यांमधून शिवणं) नाहीच. सगळे फॉर्म (घडी घातलेले छापील ताव) एकावर एक ठेवून आरीने भोकं पाडायची आणि दोरा ओवायचा. वेळ वाचतो, दोरा वाचतो, आणि पुस्तक स्वस्तात जातं. शाळेची पुस्तकं, स्तोत्रं अशीच निघायची. जोर लावून उघडू नका, कडेचा कागद फाटेल.

मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी आहे, जुन्या अमेरिकी छापील साहित्याचं ग्रंथालय. मुद्रक आयझाया थॉमसने १८१२ मध्ये स्थापलेली. आधी लिहून वेळ ठरवा. कुठल्याही ग्रंथालयात जाताना "मजकूर नको, बांधणी बघायची आहे" असं स्पष्ट लिहा, नाहीतर पडद्यावरची प्रत पुढे येते.

फिलीतला_काका
आणि त्या उघड्या लाकडाचा फोटो इथे टाका, उजेड बाजूने पडू द्या.